डबे उघडायच्या आधीची बातमी

आंब्याचा चीक अंगावर उडाला की काय होतं, ते नुसता आंबा खाणाऱ्याला कधी कळायचं नाही. कातडी काळी पडते, मग सोलवटते, आणि रात्री कोकमाचं तेल चोळून झोपलं तरी सकाळी बोटं नीट मिटत नाहीत. पावसच्या रस्त्याला, गावाबाहेर, आंब्याचा रस डब्यांत भरायचा एक कारखाना होता. तिथे मी तीन हंगाम काम केलं. तेव्हापासून हापूसचं आणि माझं जरा बिनसलेलंच आहे. घरचे म्हणतात, रत्नागिरीत राहून असं बोलू नये, लोक काय म्हणतील. पण ज्याच्या वासानं तीन उन्हाळे डोकं दुखलं, त्याचं कौतुक करायचं तरी किती?

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. पुढे कॉलेजात घालायला घरचे तयार नव्हते आणि लग्नाला मी तयार नव्हते. त्या दोन नकारांच्या मध्ये ही नोकरी बरोबर बसली. इंग्रजी बरं होतं म्हणून मला आंबे कापायच्या टेबलावर न बसवता ठशाच्या यंत्रावर बसवलं. डब्याच्या झाकणावर तारीख आणि लॉटचा नंबर उमटवायचा, एवढंच काम. पायानं दांडा दाबायचा, झाकण काढायचं, दुसरं ठेवायचं. गुरालाही शिकवलं तर आलं असतं. पण माझ्या मते मी कारखान्यातली सगळ्यांत शहाणी बाई होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नसते.

चाळीसेक बायका होत्या. निम्म्या आतल्या गावांतल्या, कुणब्यांच्या घरच्या, नवरे मुंबईला. निम्म्या खाडीकाठच्या मुसलमान घरांतल्या, त्यांचे नवरे, भाऊ, मुलगे जहाजांवर नाहीतर आखातात. थोडक्यात, पुरुषमाणूस घरात असलेली बाई शोधून काढावी लागली असती. या सगळ्यांवर एक मुकादम होती, तिला आम्ही काकी म्हणायचो. काकीचा आवाज बॉयलरच्या शिट्टीच्या वर जायचा आणि तिचं म्हणणं होतं की म्हणूनच तिला मुकादम केलं.

इराण-इराकचं युद्ध चालू होतं ती ही वर्षं. युद्ध आमचं नव्हतं, आम्हाला कुणी विचारून सुरू केलेलं नव्हतं. पण शेवटी शेवटी ते दोघे एकमेकांना सोडून समुद्रातल्या तेलाच्या जहाजांवर मारा करायला लागले. जहाजं कुठल्याही देशाची असोत, त्यांच्या इंजिनाशी, पंपाशी, भटारखान्यात आमच्या खाडीकाठची माणसं असायचीच. त्यात आमच्या डब्यांतला रसही त्याच समुद्रातून त्याच देशांना जायचा. बंदरात बोटी उशिरा लागल्या की शेट कपाळाला हात लावून ऑफिसात बसायचे. त्यांचा माल अडकायचा आणि बायकांची माणसं. दोन्हीकडची काळजी एकाच पाण्यात होती.

माझ्या यंत्राच्या समोरच्या टेबलावर एक भाबी बसायची. तिशी ओलांडलेली, खाडीपलीकडून पहिल्या होडीनं येणारी, दोन मुलं सासूपाशी ठेवून. तिचा नवरा तेलाच्या जहाजावर पंपमन होता. टाक्यांत तेल भरणं, उतरवणं, नळ नि झडपा सांभाळणं हे त्याचं काम. म्हणजे जहाजावर ज्या जागी आग लागली तर पहिली लागेल, तिथेच तो. हे तिनंच मला सांगितलं होतं, आंबा सोलता सोलता, भाव सांगावा तसं.

सुरी चालवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. आणि साका ओळखण्यात तर नाहीच. बाहेरून सोन्यासारखा दिसणारा हापूस कापला की कधी कधी बाठ्याजवळ पांढरट, आंबट, भुसभुशीत भाग निघतो. त्याला साका म्हणतात. तो रसात गेला तर अख्खी कढई बिघडते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. भाबी मात्र आंबा तळहातावर एकदा तोलायची आणि बाजूला ठेवायची. काकी पैज लावून तो कापायची आणि दर वेळी हरायची.

"कसं कळतं गो तुला?" काकी विचारायची.

"हाताला लागतं," भाबी म्हणायची. "सांगायचं कसं ते मना नाय येत."

आता जेवणाच्या सुट्टीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. शेटांकडे एक इंग्रजी वर्तमानपत्र यायचं, मुंबईहून येणाऱ्या एसटीनं, बारापर्यंत. मराठी पेपरात फार तर 'आणखी एका तेलवाहू जहाजावर हल्ला' एवढंच असायचं. इंग्रजीत जहाजाचं नाव असायचं. शेटांचं वाचून झालं की क्लार्क तो पेपर मला द्यायचा आणि मी तो घेऊन मागच्या पडवीत जायची. तिथे सगळ्या जणी डबे मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. एकीनंही झाकण उघडलेलं नसायचं. आधी बातमी, मग डबे, असा नियमच पडून गेला होता. कुणी घातला ते माहीत नाही. ज्यांचं कुणी समुद्रावर नव्हतं, त्या गावाकडच्या बायकाही थांबायच्या. शेजारणीचा जीव टांगणीला असताना आपण भाकरी मोडायची हे कुणाला बरं वाटत नव्हतं.

चौघींची माणसं त्या भागातल्या जहाजांवर होती. त्या चार जहाजांची नावं मी एका लेबलाच्या कोऱ्या बाजूला इंग्रजीत लिहून ठेवली होती आणि ते लेबल पडवीच्या खांबाला चिकटवलं होतं. पेपरातलं नाव या यादीशी ताडून पाहायचं. नाव यादीत नसलं की मी म्हणायची, "आपलं नाय." मग चाळीस झाकणं एकदम निघायची. तो आवाज मला फार आवडायचा. आपण बोललो आणि चाळीस बायका जेवल्या, म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

भाबीच्या घरी रेडिओ होता, पण सासूनं त्यातले सेल काढून ठेवले होते. घरात युद्धाचं नाव काढायचं नाही, असा तिचा हुकूम. म्हणून भाबीला जी काय बातमी मिळायची ती आमच्या पडवीतच. "घरात बसलं की कान वाजतात," ती म्हणायची. "इथं निदान काय ते एकदा ऐकायचं नि सुरी घ्यायची."

मी सांगते आहे तो माझा दुसरा हंगाम. रमजान भर मे महिन्यात आला होता. बाहेर ऊन, आत बॉयलरची वाफ, आणि समोर आंब्यांचे ढीग. खाडीकाठच्या बायका पहाटेपासून कोरड्या तोंडानं यायच्या. रसाचा थेंब ओठांवर उडाला तर ओढणीनं पुसायच्या. हंगामाचा जोर म्हणून काम संध्याकाळी उशिरापर्यंत चालायचं, त्यामुळे रोजा कारखान्यातच सुटायचा. काकी दुपारीच एका ताटात निवडक आंब्याच्या फोडी कापून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि शेजारी पाण्याचा नवा माठ. शेटांना ते ठाऊक होतं. त्यांनी त्या कोपऱ्याकडे कधी पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

दुपारी जेवायचं नसलं तरी त्या बायका पडवीत यायच्या, बातमी ऐकायला. आणि आमचे डबे उघडले की उठून नमाजाला जायच्या.

रमजान लागायच्या थोडं आधी भाबीला नवऱ्याचं पत्र आलं. ती उर्दू शाळेत शिकलेली, पत्र तिचं ती वाचायची. पण उत्तराच्या पाकिटावर इंग्रजी पत्ता लागायचा, तो मी घालून द्यायची. तिनं पत्राची मागची बाजू पुढे केली. तिथे त्यानं मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला होता.

"नवा पत्ता हाय," ती म्हणाली. "बरोबर बघून लिही."

मी आधी एका लेबलामागे कच्चा लिहिला, मग पाकिटावर पक्का. जहाजाचं नाव वेगळं होतं. ते मला दिसलं, मी अक्षर न् अक्षर उतरवलंसुद्धा, आणि तोंडानं शेजारणीशी कुठल्याशा साडीबद्दल बोलत राहिले. पत्ता पोस्टासाठी आणि यादी बातमीसाठी. या दोन गोष्टी एकमेकींना माहीत असायला हव्यात, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलं नाही. खांबावरच्या यादीत जुनं नाव तसंच राहिलं.

एक बदल मात्र तेव्हापासून झाला होता. पूर्वी भाबीला माझं "आपलं नाय" पुरायचं. आता ती म्हणायला लागली, "सगळं वाच गो बाय. नाव कितीपण वाकडं असू दे, वाच." मला वाटलं, रोज्यानं माणूस हळवं होतं. मी वाचायची.

आणि मग तो दिवस आला. पेपरात आतल्या पानावर, टेंडर नोटिशींच्या शेजारी, चार ओळी होत्या. एका तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, पंपांच्या बाजूला आग लागली, खलाशांना दुसऱ्या बोटीनं उतरवून घेतलं, काही जण भाजले, काहींचा पत्ता नाही. मी जहाजाचं नाव अडखळत मोठ्यानं वाचलं. खांबाकडे पाहिलं. यादीत नव्हतं.

"आपलं नाय," मी म्हटलं. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ. मी म्हटलं, "असलं जिभेला गाठ मारणारं नाव ठेवल्यावर दुसरं काय होणार."

बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, चार नावांची भीती गेली की माणूस कशालाही हसतं. भाबी म्हणाली, "शुक्र. चला, खावा आता." आमची विसेक झाकणं निघाली. ती नमाजाला गेली आणि परत येऊन घंटा व्हायच्या आधीच टेबलाशी बसली.

मी पोटभर जेवले. त्या दिवशी माझ्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती, ती शेजारच्या दोघींना वाटली. हे सगळं मला अजून लख्ख आठवतं, आणि नको असताना आठवतं.

दुपारनंतर ऑफिसातून निरोप आला की आखातातल्या एका गिऱ्हाइकाला आमचं लेबल नको, त्याला त्याच्या दुकानाचं हवं. तयार लॉटचं लेबल काढून नवं चिकटवायचं. ठशाचं काम थांबवून मलाही त्या कामाला बसवलं. डबे गरम पाण्यात बुडवायचे, जुना कागद नखानं सोलायचा, डबा पुसायचा, खळ लावून नवा कागद फिरवायचा. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बघ, आत रस तोच, आपणच भरलेला. नि आता आपल्यालाच वळखू येणार नाय."

माझ्या हातात ओला डबा होता. जुनं लेबल अर्धं निघालेलं. आणि मला पाकिटावरचं नाव आठवलं, मोठ्या अक्षरांतलं.

मी उठून यंत्राच्या खणात पाहिलं. कच्चा पत्ता लिहिलेलं लेबल तिथेच होतं. तेच नाव. दुपारी ज्याच्यावर मी विनोद केला ते. माझ्या स्वतःच्या अक्षरात.

समोर, दहा पावलांवर, भाबी आंबे कापत होती. मी तिला तिचा माणूस सुखरूप असल्याचं सांगितलं होतं, आणि वर हसवलं होतं.

मी काकीला पडवीत बोलावलं. लेबल दाखवलं, पेपर दाखवला. काकीला इंग्रजी येत नव्हतं, पण दोन्हीकडची अक्षरं तिनं बोट ठेवून एक एक जुळवली.

"तेच नाव," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू ऐकला मी. "तिला बोललीस?"

"नाय."

काकीनं लेबल दुमडून कमरेला खोचलं. मग म्हणाली, "आत्ता सांगून ती काय करणार? पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाय. इथंच आडवी होईल. रोजा सोडू दे. घसा ओला झाला की मी सांगते. तोवर तू तोंड गप ठेव. येतं का बघ."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. काकी सांगणार, मला सांगावं लागणार नाही. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

सूर्य मावळायला साडेतीन-चार तास होते. मी डबे पुसत होते आणि एका डोळ्यानं तिच्याकडे पाहत होते. ती कापत होती. एरवी मधून मधून गप्पा मारायची, कमरेला हात लावून उठायची. त्या दिवशी उठली नाही. तिच्या शेजारचा सालींचा ढीग दोनदा उचलावा लागला. काकीनं मुद्दाम तिच्यापुढे कमी आंबे ठेवले, तर ती शेजारणीच्या ढिगातले घ्यायला लागली. मला वाटलं, बातमी बरी ऐकली म्हणून हात चालतोय बिचारीचा.

एकदा मी पाण्याची बादली घेऊन तिच्या टेबलाजवळून गेले. तिनं वर पाहिलं.

"बाय, तोंड का उतरलंय तुझं?" ती म्हणाली. "जेवलीस ना नीट?"

मी मान हलवली आणि पुढे गेले. बॉयलरच्या मागे जाऊन रडले.

संध्याकाळी खाडीकाठच्या बायका कोपऱ्यात जमल्या. काकीनं फडकं उचललं. खजूर, पाणी, मग आंब्याच्या फोडी. भाबी पाणी प्यायली, तिनं एक फोड खाल्ली, दुसरी हातात घेतली, तेव्हा काकी तिच्यासमोर खाली बसली आणि तिनं सांगितलं. आडवळण न घेता, दोन वाक्यांत. पत्त्यात जहाजाचं नाव बदललेलं होतं. दुपारचं जहाज तुझ्या माणसाचं.

भाबीनं हातातली फोड ताटात ठेवली.

"बरं," ती म्हणाली.

बाकीच्या बायकांपैकी एक रडायला लागली, तिला भाबीनंच गप्प केलं. मग मला बोलावलं. "पेपर आण. परत वाच. हळू."

मी वाचलं. काही जण भाजले. काहींचा पत्ता नाही. तिनं विचारलं, "नावं नाय दिली?" मी म्हटलं, नाही. ती हात धुवायला उठली. शेटांनी आपली जीप काढायला लावली, काकी तिच्याबरोबर होडीपर्यंत आणि होडीतून तिच्या घरापर्यंत गेली. त्या घरात काकी रात्रभर राहिली, सासूशेजारी बसून.

मला वाटलं होतं, ती आता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीनं आली.

त्या दुपारी पडवीत मी पेपर आणला, पण त्यात काहीच नव्हतं. रोजा नसलेल्या सगळ्या जणी डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुणी झाकण काढेना. "आपलं नाय" म्हणायला माझं तोंड उघडेना. काय आपलं आणि काय नाही, हे ठरवणारी मी कोण? पाच मिनिटं गेली, दहा गेली. तेव्हा भाबीनं आवाज चढवला. तीन वर्षांत ती एकदाच ओरडली, ते तेव्हा.

"खावा मुकाट. उपाशी हातानं सुरी धराल नि बोटं कापून घ्याल. मेलेल्या घरी बसल्यासारख्या बसू नका माझ्यासमोर."

काकीनं पहिलं झाकण काढलं. आणि तिथल्या तिथे नियम बदलला. "आजपासून आधी पोटोबा, मग विठोबा," ती म्हणाली. "बातमी जेवणानंतर." खांबावरची यादी मी त्या संध्याकाळी काढून टाकली.

शेटांनी मुंबईला जहाज कंपनीच्या एजंटाकडे ट्रंक कॉल लावले. एकदा लागला, तेव्हा तिकडून सांगितलं की यादी अजून आलेली नाही. त्यांच्याकडेही यादीच. दिवस जात राहिले. आंबा कुणासाठी थांबत नाही, पिकलेला आज कापला नाही तर उद्या टाकायचा. भाबी रोज आली, रोज कापत राहिली. साका ओळखायला एकदाही चुकली नाही.

मध्ये ईद झाली. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती शिरखुर्म्याची मोठी किटली घेऊन आली, दर वर्षीसारखी. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. घ्यावा की घेऊ नये?

"पोरांना नवे कपडे घातले, शिरखुर्मा केला," ती म्हणाली. "सणाला नाय म्हणायचं नसतं. मग तो पुढल्या वर्षी येताना विचार करतो." आणि तिनं प्रत्येकीच्या वाटीत स्वतः वाढला. मला वाढताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात नको होता. तिनं मला एक थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

फोन आला तो त्यानंतर तीन-चार दिवसांनी, सकाळी. तिच्या नवऱ्याचा मुंबईचा चुलतभाऊ एजंटाच्या ऑफिसातून बोलत होता. क्लार्क धावत आत आला. भाबी सुरी हातात घेऊनच ऑफिसात गेली. काकी तिच्या मागे आणि काकीच्या मागे मी. रिसीव्हर तिनं कानाला लावला, आणि तो उलटा धरला होता. काकीनं सरळ केला.

ती नुसतं "हां, हां" म्हणत राहिली. मग रिसीव्हर खाली ठेवला.

"हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात हाय. हात भाजलेत दोन्ही."

काकीनं तिच्या हातातली सुरी काढून टेबलावर ठेवली.

"भाजू देत," ती म्हणाली. "पाय धड हायत ना, चालत येईल." आणि ती तिथेच, शेटांच्या ऑफिसात, जमिनीवर बसली आणि रडली. पहिल्यांदाच. शेट उठून बाहेर गेले. शेटांच्या टेबलावर राहिलेल्या सुरीला पिवळा रस लागला होता, तो त्यांच्या कागदांवर उतरला.

हंगाम संपला तेव्हा शेवटच्या दिवशी आम्ही टेबलं घासत होतो. भाबी आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. नवरा अजून तिकडच्या दवाखान्यातच होता, पण त्याचं पत्र आलं होतं, दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं. मी इतके दिवस जे बोलायचं टाळत होते ते बोलले.

"भाबी, माझं चुकलं. पत्ता मीच लिहिला होता. नाव बदललेलं मला कळायला हवं होतं. नि मी तुला सांगितलं, आपलं नाय. हसलेसुद्धा."

ती घासत राहिली.

"मना म्हाईत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पत्रातच होतं. जहाजाचा झेंडा बदलला, नाव बदललं. जुनं नाव खरवडून नवं त्यानंच रंगवलं, दोघा-तिघांनी मिळून. त्याला गंमत वाटलेली. तू वाचलंस तेव्हाच कळलं मना."

मी ब्रश खाली ठेवला. मला तो दिवस पुन्हा पहिल्यापासून दिसायला लागला. तिचं 'शुक्र'. घंटेच्या आधी टेबलाशी बसणं. न उठता कापलेले ते आंबे. तोंड का उतरलंय, जेवलीस ना नीट. हातात घेतलेल्या आंब्याच्या आतलं ओळखणारी बाई ती, आणि तिचा चेहरा सबंध दुपारभर पाहून मला काही कळलं नव्हतं.

"मग खांबावरचं जुनं नाव का नाय बदलायला सांगितलंस?"

"बदलून काय? तू रोज म्हणायचीस, आपलं नाय. जुनं नाव आता कधी येणारच नव्हतं. ऐकायला बरं वाटायचं." ती किंचित हसली. "नवं नाव मी एकटी ऐकायची."

"पण त्या दिवशी," मी म्हटलं. "त्या दिवशी तरी बोलायचं होतंस. आम्ही चाळीस जणी होतो तिथं. तू एकटी दिवसभर ते घेऊन बसलीस. बोलली का नाहीस?"

तिनं बादलीतलं पाणी टेबलावर ओतलं. साली, चीक, सगळं वाहत मोरीकडे गेलं.

"सगळ्या डबे धरून बसलेल्या," ती म्हणाली. "मी बोलले असते तर कुणी जेवलं असतं का? रोजा माझा होता गो बाय. तुमचा नव्हता."